डाव्या दारावरचा ओरखडा

शिरूरहून माझ्या धाकट्या दिरांचा, आप्पांचा, फोन आला तेव्हा मी दौंडच्या घरी मसाल्याच्या डब्यांवर नव्या चिठ्ठ्या चिकटवत होते. "वैनी, कमल गेली," एवढंच ते म्हणाले. सकाळी चहा ठेवायला उठली आणि ओट्यापाशीच बसली, ती परत उठलीच नाही. मुक्ता, ईशान, तुम्ही दोघं इतक्या लांब आहात म्हणून हे दोघांसाठी मिळून, नावं घेऊनच लिहिते आहे, तेव्हा खरं तेच लिहायला हवं. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता मुक्ता खूप रडेल... माझ्यासाठी ती एवढी रडेल का? याला आता पाच आठवडे झाले.

कमल माझी जाऊ, तुमची धाकटी आजी. माहेर कवठे येमाईचं, शाळा सातवीपर्यंत. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायचं काम माहेरी तिच्याकडेच असायचं. लग्नानंतर ती आप्पांच्या गॅरेजमध्ये कामगारांना चहा द्यायला जायची, आणि रंगारी काय करतात ते बघत उभी राहायची. पुढं गाड्यांवरचे बारीक टवके भरायचं काम आप्पा तिलाच देऊ लागले. ती जागा धुऊन पाण्याच्या बारीक पॉलिश पेपरनं हलकेच घासायची, कोरडी करायची, आणि आगपेटीच्या काडीच्या टोकानं रंगाचा थेंब ठेवायची. तो वाळला की दुसरा. रंग जुळतो का हे बघायला आधी स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर लावायची आणि ते नख गाडीला टेकवून सावलीत बघायची. आमची गाडी राखाडी, त्यामुळे आम्ही शिरूरला राहून परतेपर्यंत तिचं नखही राखाडी झालेलं असायचं. मला ते गबाळं वाटायचं.

न्हावऱ्याच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्यांमागून गेलं की खडी उडतेच. आम्ही पोचलो की कमल आधी गाडीभोवती एक फेरी मारायची, मग आम्हाला पाणी द्यायची. "आक्का, हितं दगूड लागलाय बगा. पत्रा उघडा पडलाय, गंज धरंल." तुमचे आजोबा स्टूल ओढून तिचं काम बघत बसायचे, तास तास. मी तीस वर्षं इंग्रजीचे पेपर तपासले, ते बघायला त्यांनी कधी स्टूल ओढलं नाही. वर परतताना गाडीत बसल्यावर म्हणायचे, काय हात आहे कमलचा. चौफुला येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत असायचे.

आजोबांचं सोडा. तीन वर्षांपूर्वीच्या सुट्टीत मुक्ता आमची गाडी घेऊन आप्पांबरोबर गाडी शिकायला शिरूरला गेली, दोन दिवसांसाठी. मी तिच्या सुट्टीचं वेळापत्रक करून ठेवलं होतं, वाचन, पत्ते, संध्याकाळी फिरणं. दोनाचे चार दिवस झाले. फोन केला तर म्हणाली, धाकट्या आजीकडं अजून थोडं राहते. परत आली तेव्हा तिच्या अंगठ्याचं नख राखाडी होतं. वेळापत्रक घडी घालून कपाटात ठेवलं आणि त्या रात्री नीट जेवले नाही.

महिन्याभरानं मी गाडीच्या रंगाची बाटली मागवली. बॉनेटवर एक टवका होता, तो मीच भरणार होते. सूचना इंग्रजीत होत्या, मला पाठ झाल्या होत्या: सावलीत, पातळ थर, मध्ये वाट बघा. पण अकरा वाजता कमल आणि आप्पा यायचे होते आणि त्यांच्या आधी मला काम संपवायचं होतं. उन्हात, एका दमात भरलं. मसुरीच्या डाळीएवढा फुगवटा आला. कमलनं आल्या आल्या बघितला आणि हसली. "आक्का, लई घाई केलीत. अजून वलं हाय, पुसू का?"

"माझ्या प्रत्येक गोष्टीला तुझा हात लागलाच पाहिजे का?" मी म्हणाले.

तिनं पदराला हात पुसले आणि आत गेली. त्यानंतर आम्ही शिरूरला गेलो की ती आम्हाला आधी पाणी द्यायची. गाडीकडं बघायचीसुद्धा नाही. तीन वर्षांत बॉनेटवर गंजाचे चार ठिपके पडले. कमल, जरा बघतेस का, एवढंच म्हणायचं होतं मला... तेही म्हटलं नाही.

दहावा झाल्यावर मुक्ताचा व्हिडिओ कॉल आला. ती रडत होतीच. मग म्हणाली, आजी, तुला एक सांगायचं राहिलंय. त्या सुट्टीत गाडी मागे घेताना गेटची कडी मागच्या डाव्या दाराला घासली होती, हातभर ओरखडा पडला होता. आजीला सांगू नकोस म्हणून ती कमलच्या पाया पडली. दोघींनी दोन दिवस बसून तो भरला. कमल तिला म्हणाली होती, "मी न्हाई सांगत. पन तुजी आजी गाडीपायी न्हाई रागवायची, तुला लागलं असतं म्हनून रागवंल. भ्या गेलं की तूच सांग."

म्हणजे मी कमलला बोलले त्या दिवशी हे तिच्या पोटात होतं. एका वाक्यात ती मला गप्प करू शकली असती.

मुक्ता म्हणाली, फोटोवर खूण करून पाठवू का नेमकी जागा? मी म्हटलं, नको, ते तुमच्या दोघींचं राहू दे. म्हणाले खरं... पण रोज सकाळी गाडी पुसताना त्या दारापाशी थांबते. वरून खाली, मग आडवं, ओळीनं बोट फिरवते. काल भिंग घेऊन बसले होते. आजोबा दारातून बघत होते. ओरखडा सापडला नाही. इतकं चांगलं काम तिनं करायला नको होतं.