माझी बेसूर जाऊ

शोभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेहकरच्या घरी गाण्याच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलींचा वर्ग घेत होते. दिराचा आवाज ओळखूच येईना. "वहिनी, शोभा गेली... अंगणवाडीचं कुलूप काढाले निंगाली अन् ओट्यावरच बसली. मोताळ्याले दवाखान्यात नेऊस्तोवर..." मी पेटी बंद केली, मुलींना घरी पाठवलं आणि खोटं कशाला बोलू, पहिला विचार मनात आला तो हा, की प्राचीला हे मीच सांगणार. प्राची म्हणजे माझी मुलगी. नाशिकला असते, आणि या काकूवर तिचा फार जीव. निदान ही बातमी तरी तिला आईच्या तोंडून कळू दे, निदान आज तरी ती माझ्याजवळ रडू दे, असं वाटलं. फोन लावला तर ती गाडीत बसलेलीसुद्धा! अंगणवाडीच्या मदतनीस सरूबाईंनी माझ्याआधीच तिला कळवलं होतं. "आई, मी निघाले, तू ये सावकाश," एवढं बोलून तिने फोन ठेवला. गेली तरी जाऊबाई माझ्या एक पाऊल पुढेच.

आमचं गाव धामणगाव बढ्याच्या अलीकडे. मेहकरहून चिखली, बुलढाणा अशा एसट्या बदलत राजूर घाट उतरून जाईपर्यंत दुपार कलली. अंगणात बाया शोभाला न्हाऊ घालत होत्या आणि भिंतीशी तिची अंगणवाडीतली पोरं रांगेने उभी होती. इतकी चिमुरडी पोरं कोणी अशा जागी आणत नाही, पण ती ऐकेचनात म्हणे. प्राची शोभाचे पाय धरून रडत होती. असं मोकळं, गावाकडच्या बाईसारखं रडणं मी तिचं लहानपणापासून पाहिलं नव्हतं. आणि मी काय करत होते? मी विचार करत होते, माझ्या मागे ही असं रडेल का? मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी माझ्याबद्दलच बोलते आहे. महिना झाला, आता लपवून कोणाला काय मिळणार?

शोभा लग्न होऊन आली तेव्हा मी या घरातली 'गाणारी सून' होते. गळ्यात विशारदचं प्रमाणपत्रच बांधून आले होते म्हणा ना! सासरे पाहुण्यारावळ्यांपुढे मला गायला लावायचे. धाकटी सून आली आणि हळद उतरवायच्या रात्री बायांच्या आग्रहाने तिने गाणं धरलं. अगं माय! एक सूर जागेवर लागेल तर शपथ. बाया पदरात तोंड घालून हसल्या, आणि सगळ्यांत जास्त हसली ती स्वतः. "ताई, माह्या गळ्यात बेंडूक बसला हाय," असं म्हणून माझ्याच मांडीवर पडली. तेव्हा ती मला फार आवडली होती. आवडणारच. तिच्या बेसूरपणाशेजारी मी किती सुरेल दिसत होते!

पुढे ती गावातच अंगणवाडी सेविका झाली. इतरांसारखीच पोरांची वजनं, खिचडी, रजिस्टरं. पण तिने एक नवीनच चाल पाडली. रोज एका पोराची पाळी, आणि त्याने घरून एक आवाज घेऊन यायचं. खाऊ नाही, फूल नाही, आवाज. "आज कोनाची पाळी? कोनता आवाज आनला, दाखव बरं," म्हणायची आणि पोरं कान टवकारून बसायची. एखादा गुलमोहराची वाळकी शेंग खुळखुळवत यायचा, एखादा पपईच्या पोकळ देठाची पिपाणी फुंकत. एका पोरीने भाकर थापताना आईच्या बांगड्या कशा वाजतात तो आवाज नुसत्या तोंडाने आणला होता, मधे परात सरकल्याचासुद्धा. एकाने आजोबांचा खोकला आणला. ज्याचा आवाज त्याने तो सगळ्यांना शिकवायचा, आणि मग शोभा उभी राहायची. हात वर गेला की जोरात, खाली आला की हळू, मूठ मिटली की चूप. त्या चुपीत काय ऐकू आलं तेही पोरं सांगायची. पिठाची गिरणी, शेजारची शेळी, आणि "बाई, तुमच्या पोटात गुरगुरून राह्यलं". यात ना ताल ना राग. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नवऱ्याला म्हटलं, डबे बडवणं म्हणजे संगीत का हो? ते म्हणाले, "पोट्टे खुश हायेत, तुले काय करायचं?" मला काय करायचं होतं ते मलाच माहीत.

कारण तोवर प्राची उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत तिच्याकडे जाऊ लागली होती. जाताना माझी मुलगी असायची, येताना शोभाची. घरी शुद्ध बोलायचं हा माझा दंडक, तर ही परत आली की आठ दिवस 'मले-तुले' चालायचं. कुकर आणि पंखा भांडतात म्हणायची. बादलीत कान घालून बसायची. मी तिला ओढून पेटीपुढे बसवायचे. पहाटेचा रियाज, अलंकार, पलटे. माझ्याच मुलीचा गळा कच्चा राहिला असता तर लोकांनी माझ्या तोंडात शेण घातलं असतं ना! अकराव्या वर्षी, सगळ्या वर्गासमोर, ती एका तानेत तिसऱ्यांदा चुकली आणि मी पेटीच्या झाकणावर जोरात हात आपटला. मुली दचकल्या. प्राची उठली, माठातलं पाणी प्यायली आणि शांतपणे म्हणाली, "मला नाही गायचं." मला वाटलं, राग आहे, चार दिवसांत जाईल. गेला नाही.

मेहकरात ती गायची थांबली, आणि गावी गात राहिली. हे मला कसं कळलं ते सांगते. पुढच्या उन्हाळ्यात तिला आणायला गेले तर दुपारच्या वेळी अंगणवाडीतून तिचाच आवाज येत होता. पोरं हातांनी मांड्यांवर पावसासारखं काहीतरी वाजवत होती आणि वर ही आपल्याच मनाचं, शब्द नसलेलं काहीतरी गात होती. मी दाराबाहेर चपला हातात धरून उभी राहिले. उन्हाने पाय भाजत होते तरी हलले नाही. इतका गोड गळा, आणि तो माझ्या घरात मुका! शेवटी राहवेना म्हणून आत गेले. मला पाहिलं आणि ती थांबली. पोरंही थांबली. शोभा म्हणाली, "या ना ताई, बसा, चालू द्या व पोरायहो," पण चालू झालं नाही. त्यानंतर वीस वर्षं मी माझ्या मुलीचं गाणं ऐकलं नाही. शोभाने ऐकलं. जिला षड्ज कुठे आहे ते माहीत नव्हतं, तिने ऐकलं. माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते तिथून.

शोभाला यातलं काही कळत होतं की नाही, देव जाणे. तिने एकदा मलाच बोलावणं धाडलं. पोरं खिचडीच्या वाट्यांमध्ये पाणी घालून चमच्याने वाजवतात, "तुमी या ना, तुमाले खरं येते, आमचं आपलं असंच." मी गेले, आणि तयारीनिशी गेले. पाणी वाढवलं की सूर उतरतो, काढलं की चढतो. दोन तास बसून मी आठ वाट्या नेमक्या सुरात लावल्या आणि पाणी कुठवर घालायचं त्याच्या खुणा नेलपॉलिशने वाट्यांच्या आत रंगवल्या. लाल, ठळक. आता वाजवा म्हटलं. पोरं वाट्यांकडे बघत बसली. एका पोरीने चमचा लावला आणि लगेच माझ्याकडे पाहिलं, "आजी, चुकलं का?" दुसऱ्याने चमचा खालीच ठेवून दिला. कालपर्यंत धुडगूस घालणारी ती पोरं माझ्या आठ शुद्ध सुरांपुढे मास्तरांसमोर बसल्यासारखी बसली. शोभाने चहा दिला आणि म्हणाली, "लय मस्त झालं, ताई." नंतर प्राचीकडून कळलं की ती सबंध एक दुपार ब्लेड घेऊन त्या खुणा खरवडत बसली होती. मला कधी बोलली नाही. मी मात्र वर्षभर तिच्याशी धड बोलले नाही. बाहेरून माणसं तिचं काम बघायला येऊ लागली, पेपरात फोटो आला, खाली छापलं होतं, 'संगीताचं कोणतंही शिक्षण नसताना'. तो पेपर मी चुलीजवळ नेला होता. जाळला नाही, पण नेला होता.

तेराव्यानंतर मी आणि प्राची अंगणवाडीत गेलो. नवीन सेविका अजून यायची होती, सरूबाई एकट्याच सांभाळत होत्या. मी बाहेर कोणाशी बोलत राहिले, प्राची पुढे गेली. आत एक पोरगी रडत होती, "बाई कवा येतीन? बाईले बोलवा." सरूबाईंचा इलाज चालेना. प्राचीने तिला उचलून मांडीवर घेतलं, आणि मग... मला वाटतं ठरवून नाही, पोरगी थांबावी म्हणूनच, ती गुणगुणायला लागली. शब्द नाहीत, काही नाही. आवाज आता जाड झालाय, बरेच दिवस बंद राहिलेल्या खोलीसारखा थोडा कोंदटही. पण तोच.

मी दारात आले. ऐकलं. तिचा गंधार उतरत होता, हवा त्यापेक्षा खाली लागत होता. दर वेळी, त्याच जागी. 'गंधार उतरतोय' अगदी जिभेवर आलं. आयुष्यभराची खोड आहे, बेसूर ऐकलं की तोंड आपोआप उघडतं. तेवढ्यात प्राचीचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि ती थांबली.

"पुन्हा म्हण ना," मी म्हटलं.

"काऊन?" तिने विचारलं. "चुकलं का?"

"नाई व. मले ऐकायचं हाय."

तिने मांडीवरच्या पोरीला नीट जवळ घेतलं. मग पोरीच्या पाठीवर थापटत तिने पुन्हा सुरू केलं. गंधार पुन्हा उतरला. मी उंबऱ्यातच खाली बसले. हे बघायला शोभा नाही याचं मला आधी बरं वाटलं, हे एवढं तरी एकटीचं माझं. आणि मग तिला सांगावंसं वाटलं, आणि ती नव्हती, आणि ती गेल्यापासून पहिल्यांदाच मी माझ्या जावेसाठी रडले.