दीडशे की एकशे सत्तर

महामारीच्या आदल्या हिवाळ्यात, इथे परदेशात, जिथे सांबराची शिकार परवान्याने चालते, मी एका सांबराच्या डाव्या खांद्यावर गोळी झाडली आणि ते सापडलं नाही. नवरा आणि मी दुपारपर्यंत नेच्यांत शोधत होतो. रक्ताचे थेंब ओढ्यापर्यंत होते, पुढे काही नाही. जखमी जनावर मागे टाकून मी घरी आले.

मग लॉकडाऊन. मी टार्निट या आमच्या उपनगरातून लॅबच्या शिफ्टला जायची, नवरा घरून काम करायचा, आणि जेवताना आमचा एकच वाद. आमची रायफल जुन्या धाटणीची, लिव्हर-ॲक्शन. तिच्या बॅरलखालच्या नळीत काडतुसं एकामागे एक बसतात; टोकदार गोळी पुढच्या काडतुसाला टोचून ते उडवू शकते, म्हणून गोळीचं टोक चपटं लागतं. निवड फक्त वजनाची, आणि ते ग्रेनमध्ये मोजतात. तो दीडशे ग्रेनवाला: हलकी गोळी, वेग जास्त; त्या सांबरावर मी झाडली तीही दीडशेचीच. मला एकशे सत्तर हवी होती. मोठ्या सांबराचं हाड फोडून आत जायला वजन लागतं, आणि त्या झाडीत साठ मीटरपलीकडे दिसतंच काय?

"सव्वा ग्रॅमचा फरक आहे," तो म्हणाला. "तुझी लॅब घरी आणू नकोस."

"सव्वा ग्रॅमच्या फरकाने माझ्या लॅबमध्ये रोज रिपोर्ट बदलतो."

निर्बंध उठले तेव्हा मी एकशे सत्तरचा डबा घेतला. जड गोळी थोडी खाली लागते, म्हणून रेंजवर जाऊन साइट वर घेतली. त्याने स्वतःच्या खिशात जुनी दीडशेची काडतुसं ठेवलीच.

पहाटे त्याच घळीत उतरलो. धुकं होतं. मागून सांबराच्या मादीने इशारा दिला: ढाँक. ताडोबात हा आवाज ऐकला की गाइड वाघ शोधायचा. इथे वाघ नाही. तिने पुन्हा आवाज दिला, आणि समोर, ओढ्याकाठी, नर उभा दिसला. इशारा ऐकून सांबर पळतं. हा आमच्याकडे बघत राहिला.

"पळत का नाहीये?" नवरा कुजबुजला.

नराने एक पाऊल टाकलं. डावा पाय उशिरा टेकला. मी गोळी झाडली. तो जागीच पडला.

कातडं सोलताना डाव्या खांद्याच्या हाडामागे सुरीला काहीतरी कडक लागलं. भरलेल्या जखमेच्या पांढऱ्या जाड आवरणात गुंडाळलेली, चपटी झालेली जुनी गोळी. मांस भोवती भरून आलं होतं.

"दुसऱ्या कोणाची असेल," नवरा म्हणाला.

असू शकते. घरी काट्यावर एकशे अकरा ग्रेन भरली. हाडावर आपटून गोळीचे तुकडे गळतात, त्यामुळे त्यावरून कोणाची ते कळत नाही.

पण तिथे, ओढ्याकाठी, मी ती तळहातावर धरून उभी असताना त्याने खिशातली दीडशेची काडतुसं काढून माझ्या पिशवीत टाकली आणि एकशे सत्तरची मागून घेतली. मादी अजून ढाँक करत होती. आम्ही मांस घेऊन गाडीपर्यंत चढलो तोवर तिचा आवाज तेवढ्याच अंतरावरून येत राहिला. ती एकदाही दिसली नाही.