नापास झालेला डबा

उज्जैनात देवळं मोजायला निघालं तर दिवस पुरणार नाही, पण घंटा वाजल्यावर हात जोडायचे सोडून 'हिच्यात खालचा आवाज कमी आहे' असं म्हणणारा भक्त अख्ख्या गावात एकच आहे. ते माझे आतोबा, म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. ढोल असो, एंजिन असो की शेजाऱ्याचं घोरणं असो, आतोबांना त्यातला खालचा भाग आधी ऐकू येतो आणि तो नीट नसला की त्यांना अन्न गोड लागत नाही. त्यांच्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला आम्ही सगळे राम घाटावर बसलो होतो. गर्दी फार, म्हणून गुरुजी गळ्यात माइक अडकवून मंत्र सांगत होते. आतोबांच्या अंगावर ओलं धोतर, हातात पिंड, आणि मध्येच ते म्हणतात काय, "गुरुजी, आपका आवाज ऊपर से फट रहा है, नीचे कुछ है ही नहीं." गुरुजींना वाटलं तब्येतीची चौकशी चालली आहे, त्यांनी दोन दिवसांपासून पोट बिघडल्याचं कबूल केलं. आतोबांनी पिंड खाली ठेवले, तिथंच पायरीवर तो माइकचा खोका उघडला, आत्याच्या केसातली पिन मागून घेतली आणि काहीतरी केलं. कावळा शिवायच्या आधी गुरुजींचा आवाज दुरुस्त झाला होता.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात. आतोबा तीर्थातच राहत असल्यामुळे त्यांना जायला जागा नव्हती, म्हणून ते बेसच्या नादाला लागले. नादाला लावणारा मीच. मी दिवसा बँकेत बसतो आणि सुटीच्या दिवशी एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. बेस म्हणजे ती चार जाड तारांची गिटार, जी वाजतेय हे कुणाच्या लक्षात येत नाही आणि थांबली की गाणं लंगडायला लागतं. एकदा मी ती घेऊन फ्रीगंजात आत्याकडे गेलो. आतोबांनी एक तार छेडली, डोळे मिटले आणि म्हणाले, "इतके दिवस कुठे होती ही?" लग्नाला चाळीस वर्षं झाली, मला कधी असं विचारलं नाही, असं आत्या नंतर म्हणाली.

झालं, त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. गिटार आणि स्पीकर यांच्यामध्ये पायाशी एक छोटी पेटी ठेवतात, तिला प्रीअँप पेडल म्हणतात. तारेतून आलेला दुबळा आवाज ती उचलून धरते. जुन्या रेडिओत पेटायची तसली काचेची नळी तिच्यात असली तर आवाज भरीव येतो, हे सगळेच बेसवाले जाणतात. पण आतोबांचं म्हणणं, बाजारात नळीच्या नावाखाली लोकांना उल्लू बनवणं चाललंय. नळीला धड दोनशे व्होल्ट पाहिजेत. कित्येक पेट्यांत तिला बाराच देतात, आणि ती पेटल्यासारखी दिसावी म्हणून खाली एक नारिंगी दिवा लावून ठेवतात. "उपाशी नळी आहे ती," आतोबा म्हणायचे. "उपाशी माणूस काय गाईल?" हे ते इतकं कळवळून सांगायचे की आत्या आतून पोह्यांची बशी आणून त्यांच्याच समोर ठेवायची. मग त्यांनी स्वतःच पेडल करायला घेतलं. बेसचा खालचा आवाज वाटेत गळू नये म्हणून त्यांनी काय काय केलं ते त्यांनी मला निदान वीस वेळा समजावलंय आणि मी वीस वेळा 'अच्छा, असं आहे होय' म्हणालोय.

आता नळी बसवायची कशात? आत्याच्या माळ्यावर लग्नामुंजीत आलेले स्टीलचे डबे होते. आपल्याकडे कुणाला भांडं द्यायचं तर दुकानातून त्यावर नाव घालून आणल्याशिवाय कुणी देत नाही, त्यामुळे प्रत्येक डब्यावर कुणाचं ना कुणाचं प्रेम कोरलेलं. आतोबांना त्याचं काही नाही. झाकणाला भोक पाडायचं, त्यात पायानं दाबायचं बटण बसवायचं, पोटात नळी, की झालं पेडल. देवासच्या भजनी मंडळातला एक बेसवाला 'कै. तात्यांच्या स्मरणार्थ'वर पाय ठेवून भजनं वाजवत असे. माझ्या वाट्याला जो डबा आला त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलंय, 'चि. बेबीच्या डोहाळजेवणानिमित्त, मावशीकडून'. बेबी म्हणजे माझी आत्या.

पण असा डबा मागितला आणि मिळाला, असं नसायचं. येणाऱ्याला ते भिंतीकडे तोंड करून बसवत आणि एकच जाड सूर अर्धा तास वाजवायला लावत. स्वतः मागे बसून डबे आलटून पालटून जोडत. डोळ्यांनी निवडायचं नाही, हा नियम. कुठल्या आवाजाला त्या माणसाचे खांदे खाली येतात ते ते मागून बघत, आणि खांदे खाली आले की तो डबा त्याचा. रतलामहून आलेल्या एकानं आल्या आल्या विचारलं, यातला फोटोत कुठला चांगला दिसेल? आतोबांनी त्याला प्रेमानं टावर चौकात नेलं, कचोरी खाऊ घातली आणि परतीच्या बसमध्ये बसवून दिलं. नळ्यांच्या बाबतीतही तसंच. प्रत्येक नळीवर पेन्सिलीनं टिचकी मारून ऐकायची, किणकिणली की बाद. एक नळी होती, फार उशिरा तापायची आणि तापली की उगाच गुणगुणत बसायची. तिला त्यांनी आपल्या थोरल्या बहिणीचं नाव दिलं होतं. ती बहीण चार दिवस राहायला आली की नळी कपाटात जायची.

सात वर्षांत असे पाच डबे झाले. माझे खांदे मावशीच्या डब्याला खाली आले होते, हे मी नाकारत नाही. आवाज असा की पोटात उतरावा. पण एक खरं सांगून टाकतो, मंडळींसमोर तो डबा पिशवीतून काढताना माझा जीव वर-खाली व्हायचा. म्हणून मी आतोबांना न सांगता इंदूरहून एक बाजारातलं पेडल आणलं होतं. काळंभोर, काचेची खिडकी असलेलं, आत नारिंगी उजेड. पिशवीत दोन्ही असायची, आणि कुठे काय काढायचं ते मी समोरची माणसं बघून ठरवायचो.

अशात इंदूरच्या एका नावाजलेल्या बेसवादकाच्या कानावर आतोबांच्या डब्यांचं नाव गेलं. त्यांचा स्वतःचा स्टुडिओ, हाताखाली पुष्कळ शिष्य. त्यांनी फोनवर सांगितलं, घरात नाही ऐकणार, कार्यक्रमात ऐकेन, आवडला तर स्टुडिओत ठेवेन. आमच्या ऑर्केस्ट्राचा रविवारी सकाळी फ्रीगंजातच जुन्या गाण्यांचा कार्यक्रम होता. ठरलं. आतोबांना पैशाचं काही नव्हतं, पेन्शन होती. त्यांना एवढंच पाहिजे होतं की जाणत्या माणसानं एकदा डबा ऐकावा आणि बरा की वाईट ते सांगावं. सात वर्षांत घरचे नि भजनी मंडळ सोडून कुणी सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशी त्यांनी माझा डबा नेऊन पुसून, तपासून, पुन्हा आणून दिला आणि जाताना दारात दोनदा मागे वळून म्हणाले, जरा आधी जाऊन लावून ठेव, नळी तापू दे.

मी आधी गेलो. स्टेजवर वायरी जोडणं चाललं होतं. डबा काढून खाली ठेवला तर साउंडवाल्यानं वाकून अक्षरं वाचली, मराठीच होता मेला, आणि सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. कीबोर्डवाला म्हणाला, "भैया, टिफिन लाए हो क्या?" स्टेजभर हशा. आता मी काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. मी हसलो. नुसता हसलो नाही, 'हाँ यार, टिफिन ही है' म्हणालो आणि डबा पिशवीत टाकून काळं पेडल काढलं. मनात म्हटलं, पुढे कुंड्यांची रांग आहे, पाय कुणाला दिसतायत. तिसऱ्या रांगेत कुणाला काय कळणार.

तिसऱ्या रांगेत आतोबा नवा कुर्ता घालून इंदूरच्या पाहुण्यांच्या शेजारी बसले होते. पहिल्या गाण्याला त्यांनी डोळे मिटले आणि दुसऱ्या ओळीला उघडले. मग कार्यक्रम संपेपर्यंत मिटले नाहीत. पाहुणे शेवटी उठले, सभ्य माणूस, आतोबांचा हात हातात घेऊन म्हणाले, "अच्छा है अंकल, पर ऐसा तो बाजार में भी मिल जाता है." आणि गेले. अगदी बरोबर बोलले ते, एका अक्षराचीही चूक नाही. माझी चामडी मात्र त्या क्षणी सोलून निघाली.

आतोबा स्टेजमागे आले. मला वाटलं आता विचारतील. ते म्हणाले, "तू मस्त वाजवलं. डबाच नापास झाला." आणि हात पुढे केला. मी पिशवीतून डबा काढून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि त्यांचा चेहरा उतरला. डबा गार होता. दोन तास वाजलेला डबा गार कसा राहील? शेंबडं पोरही ओळखेल की तो लावलाच नव्हता. पण आतोबांच्या डोक्यात असलं काही येत नाही. आपल्या माणसाचा खोटेपणा त्यांच्या हिशेबातच नाही. ते हळूच म्हणाले, नळी तापलीच नाही, मध्येच कुठेतरी करंट तुटून राहिलाय, म्हणून बाराच व्होल्टसारखा आवाज आला. त्यांच्या कानानं अगदी बरोबर ओळखलं होतं, फक्त दोष आपल्या डब्यावर घेतला होता. मी पिशवीचं तोंड बंद केलं.

घरी जाऊन त्यांनी डबा उघडला. दोनशे व्होल्ट बरोबर, नळी बरोबर, सगळं बरोबर. दुरुस्तीच्या धंद्यातल्या माणसाला 'कधीतरी येणारा' बिघाड फार भिववतो, कारण तो तपासताना सापडत नाही. आतोबांनी प्रत्येक जोड उकलून पुन्हा जोडला. सकाळपासून डबा लावून ठेवायचा आणि आत्याला त्याच्यासमोर बसवायचं, विझला तर हाक मार. आत्या तिथंच बसून मेथी निवडायची. डबा विझला नाही, विझणार कसा. मी रोज फोन करून विचारायचो, सापडलं का? माझ्या निर्लज्जपणाची कमाल बघा, मी काळजीच्या आवाजात विचारायचो.

आठव्या दिवशी मी गेलो तेव्हा ओट्यावर चार डबे पालथे घालून ठेवलेले, आणि पाचव्यात आत्या तुरीची डाळ भरत होती. झाकणाच्या भोकाला तिनं कागद चिकटवला होता. आतोबांनी देवासला फोन करून तात्यांचा डबा परत मागवला होता, बाकीचेही मागवले होते. जो दोष आपल्याला सापडत नाही तो लोकांच्या गळ्यात बांधायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. नळ्या जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात गेल्या होत्या. आतोबा खुर्चीत बसून बाहेर बघत होते, आणि शेजारच्या देवळात घंटा वाजत होती तरी त्यांनी काही म्हटलं नाही.

मी सांगितलं. बसूनही घेतलं नाही, उभ्या उभ्याच सांगितलं, टिफिनसकट सगळं. आत डाळीचा आवाज थांबला.

आतोबा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "मतलब त्या दिवशी डबा लावलाच नव्हता? तू बाजारातला वाजवून राहिला होता?"

मी मान डोलावली.

"म्हणजे डबा नापास नाही," ते म्हणाले. आणि खुर्चीतून उठून आत गेले. "अगं ऐकलंस? डबा नापास नाही झाला!" त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. मी त्यांना फसवलं, चारचौघांत त्यांच्या सात वर्षांना हसलो, आठ दिवस त्यांचे हाल बघितले, यातलं काही त्यांना ऐकूच आलं नव्हतं. ऐकू आलं होतं ते एवढंच. त्यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या तर मी जन्मभर त्यांचे उपकार मानले असते. आत्या मात्र दारात येऊन उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "आठ दिवस हे धड जेवून नाही राहिले."

मी म्हणालो, इंदूरला आत्ताच्या आत्ता फोन करतो आणि त्यांना खरं काय ते सांगतो, ते पुन्हा येतील, ऐकतील. आतोबांनी मला हातानंच थांबवलं. म्हणाले, "राहू दे रे. त्या लोकांत तुला वाजवायचंय. तुझं नाव खराब होईल."

आणि मी 'बरं' म्हणालो. इतक्या पटकन म्हणालो की आत्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. आतोबांनी बघितलं नाही. ते ओट्यापाशी जाऊन डब्यातली डाळ ओंजळीनं परातीत काढत होते.