मल्लाप्पांनी पुन्हा आवळलेले बोल्ट

निपाणीहून आलेल्या मल्लाप्पांचं हेब्बाळला मोटारदुरुस्तीचं लहानसं गॅरेज होतं. १९६३ साली डॉक्टर हेमलता दाबके यांची गाडी त्यांच्याकडे परत आली. पुढचं चाक धरून ठेवणाऱ्या आर्मच्या सांध्यातले रबरी बुश त्यांनी सहा महिन्यांपूर्वीच नवे बसवले होते, तरी खड्ड्यातून जाताना खडखड ऐकू येत होती.

मल्लाप्पा गाडीखाली शिरले. पहारीने आर्म हलवून पाहिला, तर बुशचं रबर पिळवटून फाटलं होतं. मग त्यांच्या लक्षात आलं. गाडी जॅकवर आणि चाक लोंबकळत असतानाच त्यांनी बुशचे बोल्ट घट्ट आवळले होते. गाडी खाली टेकताच आर्म वर गेला आणि रबराला कायमचा पीळ बसला.

"अक्का, चूक माझी आहे," ते म्हणाले. "नवे बुश घालतो. या वेळी गाडी चाकांवर उभी करून बोल्ट आवळतो."

"तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं, अण्णा."

"मला कळलं की!"

त्या वर्षी त्यांनी आणखी चार गाड्यांचे बुश बदलले होते. रविवारी बोल्ट आवळायचे पाने पिशवीत घालून ते सायकलने चारही घरी गेले आणि उभ्या गाडीखाली आडवे होऊन बोल्ट सैल करून पुन्हा आवळले. सुदैवाने तिथलं रबर अजून शाबूत होतं. चौथ्या घरचे निवृत्त न्यायाधीश आधी चिडले. पण मल्लाप्पा गाडीखालून बाहेर येईपर्यंत त्यांनी कॉफी मागवून ठेवली होती.