टायरांची तेलपावडर

मोटारीच्या टायरांना खोबरेल तेल आणि टाल्कम पावडर लावू नये.

हे वाक्य मी मुद्दाम सुरुवातीलाच लिहिते आहे. म्हणजे अन्वय आणि इरा, तुम्हाला पुढचं वाचायला वेळ झाला नाही, तरी आजीच्या अनुभवाचा फायदा होईल. वेळ असेल तर खुशाल हसा. तुमचे आजोबा अजून हसतात.

तुमची सुमेधाआत्या रामदासपेठेत लोकांचे दात काढते आणि रविवारी गाडी पळवते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मैदानावर नारिंगी शंकू मांडतात, त्यांच्यामधून एकेक गाडी वळणं घेत सुसाट जाते आणि घड्याळ लावून वेळ मोजतात. याला ऑटोक्रॉस म्हणतात. प्रत्येकाला तीन फेऱ्या. त्यातली एक तरी फेरी शंकू न पाडता झाली, तर क्लबतर्फे खऱ्या रेसिंग ट्रॅकवर गाडी चालवायला मिळते. आत्या त्या ट्रॅकसाठी दोन वर्षं झुरत होती आणि दोन्ही वर्षी तिने शंकू पाडले होते. (दाढ काढताना मात्र शेजारच्या दाताला धक्का लागत नाही!)

यंदा तिने ठरवलं, दोष टायरांचा आहे. मग तीन महिने आमच्या बेसा भागातल्या घरात दुसरा विषय नाही.

"जरा मोठी चाकं घे गं, शोभून दिसतात," मी म्हटलं.

"आई, गाडी लग्नाला न्यायची नाहीये! मोठं रिम म्हणजे जास्त वजन. मला हलकं रिम हवं आणि पकड हवी."

मग न्हाणीघरातला वजनकाटा दिवाणखान्यात आला आणि त्यावर रिमं चढू लागली. (एका रिमनंतर आजोबांनी मलाही चढायला सांगितलं.) टायर किती रुंद घ्यावा, हा पुढचा प्रश्न. जास्त रुंद घेतला तर वळताना आत घासतो. तुमच्या आत्याने काय करावं? दातांचं माप घ्यायचा तो मऊ गुलाबी मसाला दवाखान्यातून आणला, चाकाच्या वरच्या पोकळीत थापला, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं आणि चेपलेल्या मसाल्याची जाडी मोजली. मोटारीच्या जबड्याचं माप! मी थक्क होऊन बघत राहिले. ही तीच मुलगी, जिला मी बारा वर्षं मोज्यांच्या जोड्या लावायला शिकवत होते.

शर्यतीच्या आठवडाभर आधी टायर रिमांवर बसून घरी आले आणि मागच्या व्हरांड्यात विसावले. गुरुवारी दुपारी आत्या दवाखान्यात असताना मी सहज पाहणीला गेले, तर काय! नव्याकोऱ्या टायरांना धूळ, कडुनिंबाची पानं आणि पारव्याचं एक पीस चिकटलेलं. बोट लावलं, तर बोटही चिकटलं.

नवी वस्तू आणि इतकी चिकट? पण रबराची निगा कशी राखावी, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. नव्या भांड्यावरच्या लेबलाचा डिंक खोबरेल तेलाने निघतो. कुकरची रिंग आणि गरम पाण्याची पिशवी पावडर लावून ठेवली की वर्षानुवर्षं टिकते. मी पदर खोचला.

आजोबा दारात आले. "काय करून राहिली वं?"

"दिसत नाही? चिकटपणा काढते आहे."

"सुमेधाले विचारलं काय?"

"स्वच्छता विचारून करायची असते का?"

ते वर्तमानपत्रामागे गेले आणि तिथेच सुरक्षित राहिले. आधी तेलाने मालिश, मग कोमट पाण्याची आंघोळ, मग कोरडं पुसून चंदनाची पावडर. चार तान्ही बाळं! फक्त तीट लावायची राहिली. शेवटी प्रत्येकाला इस्त्रीच्या चादरीत गुंडाळलं.

"आई, किती व्यवस्थित ठेवलेस गं!" आत्या रात्री म्हणाली. मी विनयाने तिला आणखी एक पोळी वाढली.

रविवारी मैदानावर आत्याची गाडी दुरुस्त करणाऱ्या पुंडलिक मिस्त्रींनी चादरी सोडून चाकं बसवली. "मॅडम, या टायरले चंदनाचा वास काहून येऊन राहिला जी?"

"नव्या रबराचा असेल," आत्या म्हणाली आणि तिने हेल्मेट चढवलं.

झेंडा पडला. पुढची दोन्ही चाकं जागच्या जागी गरगरली आणि पांढरा ढग उठला!

"इंजिन गेलं!" कोणीतरी ओरडलं.

ढगातून गाडी निघाली ती आडवी. एक शंकू गेला, दुसरा गेला, मग तीन एकदम. शेवटी स्वतःभोवती संथ गिरकी घेऊन गाडी आमच्याकडे तोंड करून थांबली. मैदानभर कुणाच्या तरी साखरपुड्यासारखा दरवळ!

आत्या उतरली. टायरवरून बोट फिरवलं, हुंगलं. तिने मिस्त्रींकडे पाहिलं, मिस्त्रींनी आजोबांकडे, आजोबांनी माझ्याकडे.

"आई."

मी सगळी कृती क्रमवार सांगितली.

"अगं, त्यांचा चिकटपणा हीच त्यांची पकड! तीन महिने मी सगळ्यांत चिकट टायर शोधत होते!"

त्यानंतर माझ्या स्टार्चच्या साडीनिशी मी जमिनीवर बसले आणि भांडी घासायच्या साबणाने टायर घासले.

"जोरानं घासा जी काकू, जळलेलं पातेलं समजा!" मिस्त्री धीर देत होते. आत्या माझ्याकडे पाठ करून दुसरं चाक घासत होती. ती पाठ मला फार लागली.

दुसऱ्या फेरीत एकच शंकू पडला. "रबर तापलं का उरलंसुरलं तेल निघते," मिस्त्री म्हणाले. आता एकच फेरी उरली होती.

ती फेरी मी उभी राहून पाहिली. गाडी शंकूंमधून अशी गेली, जशी मुरलेल्या हाताने घातलेली वेणी! वळणावर वाटायचं, आता उलटणार. तेवढ्यात टायर किंचाळून जमीन धरायचे आणि गाडी शंकूला बोटभर जागा ठेवून निसटायची. तो बोटभर हिशेब तिच्या हातात होता. मी जन्म दिलेल्या मुलीला हे येतं, हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. एकही शंकू हलला नाही. आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

डोळे पुसून मी आत्याकडे निघाले, तोच कुही गावाहून आलेले एक मिशाळ स्पर्धक आडवे आले. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "आजी, पहिल्यांदा तो वास आला अन् शेवटी गाडी जमिनीले चिकटूनच गेली. टायरले काय लावलं जी? कोनाले नाही सांगत मी."

बाळांनो, जन्मात पहिल्यांदाच मला कोणी मोटारीबद्दल सल्ला विचारत होतं. आत्या धावत येऊन मला दंडाला धरून ओढत नेईपर्यंत त्यांनी तेल लिहून घेतलं होतं आणि पावडर चंदनाचीच घ्या, गुलाबाची नको, हेही मी बजावून सांगितलं होतं.