वाळूवर अंथरलेला दुपट्टा

यात्रेला जावं की घरीच बसून महादेवाशी अबोला धरावा, हेच माझं ठरत नव्हतं. मूल गावाहून वैनगंगेकाठी मार्कंड्याच्या महादेवाला दरसाल महाशिवरात्रीला आमचे हे पायी जायचे. राइस मिलमध्ये कामाला होते, पण तेवढ्या दिवसांची सुट्टी कधी सोडली नाही. त्या वर्षी पहिल्यांदाच आम्ही जोडीनं जाणार होतो, आणि दिवाळीनंतर साध्या तापाचं निमित्त होऊन ते गेले. देवा, तुझ्याकडेच तर येत होतो दोघं, तुला एवढी कसली घाई झाली होती?

तरी पिशवी भरायला घेतलीच. काय न्यायचं ते त्यांनी आधीच पढवून ठेवलं होतं. लुगडं सुतीच घे, नायलॉनचं घामानं मांड्या सोलते. पहाटे गारठा असतो म्हणून चादर घे, पण पातळ. दुपारी तिचंच ओझं होते. जंगलाच्या वाटेला टॉर्च हातात असू दे, पिशवीच्या तळाशी नको. एकेक वस्तू ठेवताना त्यांचा आवाज कानात यायचा आणि मी मोठ्यानं "हो, हो, समजलं" म्हणायची. शेजारच्या कमलाबाईंनी दारातून विचारलं, "कोनासंग बोलून राह्यल्या वो?" मी म्हटलं, "पिशवीसंग!" त्या हसल्या, मग त्यांचेच डोळे भरून आले.

कमलाबाईंच्याच आग्रहानं मी कॅनव्हासचे नवे बूट घेतले. शेवटी राहिला यांचा खांद्यावरचा दुपट्टा. तो मी धुतला नव्हता. डोक्याचं तेल, घाम आणि मिलमधला कोंडा, असा त्यांचा वास त्यात होता. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला. रोज उघडून हुंगायची आणि वास उडून जाईल म्हणून घाईनं गाठ मारायची. तरी तो दिवसेंदिवस कमी होत चालला होता, आणि माझा जीव त्यातच अडकला होता. कमलाबाई म्हणाल्या, "न्याचाच हाय त डोक्याले बांधा, ऊन लागते." मी साफ नाही म्हटलं. मार्कंड्याच्या पायरीला टेकवायचा आणि जसाच्या तसा घरी आणायचा, असं मी ठरवलं होतं.

गल्लीतल्या मंडळींबरोबर मी आणि कमलाबाई पायी निघालो, पण बुटांनी घात केला. सावली गावाच्या पुढे टाचांना फोड आले आणि मी मागे पडू लागले. ओझं कमी व्हावं म्हणून कमलाबाईंनी माझी पिशवी स्वतःकडे घेतली. मी फक्त प्लास्टिकमध्ये बांधलेला दुपट्टा काखेत ठेवला आणि त्यांना मंडळींबरोबर पुढे पाठवलं. नदीच्या काठावरून कळस दिसला की पायातलं काढायचं आणि पुढची वाळू अनवाणी चालायची, ही यांची रीत. मीही बूट एका झाडाखाली ठेवले. पण ते पहाटे उतरायचे आणि मी उतरले भर दुपारी, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

वैनगंगेचं पात्र ते केवढं! अर्ध्या वाळूत तळवे असे भाजले की पाऊल उचलेना. पाणी लांब, मागे बूटही लांब. जागच्या जागी नाचत मी रडायलाच लागले. एवढं जवळ आणून असं भाजतोस का रे, म्हणून महादेवाला नको नको ते बोलले.

"काऊन उभी वो बाई?" डोक्यावर नदीत धुतलेल्या भांड्यांचं टोपलं घेतलेली एक म्हातारी समोरून येत होती. "काखेत कपडा हाय ना? टाक खाली."

"मालकाचा दुपट्टा हाय तो," मी म्हटलं. "त्याले पाय कसा लावू?"

तिनं माझ्या कपाळाकडे पाहिलं. टोपलं उतरवलं, माझ्या काखेतून प्लास्टिकची पिशवी घेतली, गाठ सोडून दुपट्टा काढला आणि स्वतःच वाळूवर अंथरला. "तो असता त माह्याआधी त्यानंच आंथरला असता. ठेव पाय."

मी पाय ठेवला. हुंदका काही आवरेना. मग तिनं दातानं कड तोडून दुपट्ट्याचे दोन तुकडे केले, भांड्यांत राहिलेल्या पाण्यानं भिजवले, माझ्या पायांना बांधले आणि हात धरून मला धारेपर्यंत नेलं. पाण्यात पाय घातल्यावर मागे वळले, तर ती यात्रेच्या माणसांत दिसेनाशी झाली होती. कोण, कुठली, विचारायचं राहूनच गेलं. कमलाबाई म्हणतात, अशा कितीतरी बाया असतात तिथं. असतील ना, मी कुठे नाही म्हणते?

पायरीला मी ते दोन ओले तुकडे टेकवले. नाकाशी धरून पाहिले. नुसता नदीचा वास होता. मग बोलले त्याबद्दल महादेवाचे पाय धरले. जे मुठीत धरून मी बसले होते, ते त्यानं माझ्याच पायाखाली अंथरून मला आपल्या दारात आणलं होतं.

त्यांची आठवण आजही येते, फार येते. दरसाल शिवरात्रीला पिशवी भरते तेव्हा ते दोन तुकडे सगळ्यांत वर ठेवते, लागले तर पटकन हाताशी यावेत म्हणून. गाठ मात्र मारत नाही.