साबणाच्या जाहिरातीवर वाचलेली पाच नावं

चंपतराव वारले त्या दिवशी मालकांनी त्यांच्यासाठी अर्धं पान मोकळं सोडलं. 'जनतेचा आवाज हरपला' हा मथळा स्वतःच्या हातानं लिहून खाली कंपोझिंगला पाठवला. मला असा संताप आला की हातातला चिमटा भिंतीवर फेकावा. फेकला मात्र नाही. चोवीस वर्षं त्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, कधी काही फेकलं नाही. माझ्यासारख्या गोपाळरावांच्या जिवावरच तर असे मालक मोठे होतात. पेपरचं नाव सांगत नाही, त्याची तेवढी लायकी नाही.

चंपतराव मूळचे उमरेडचे, घर विणकराचं. साठ साली नागपुरात आले ते एक सायकल आणि दोन धोतरं घेऊन. पाच वर्षांत शहरानं त्यांना डोक्यावर घेतलं. रविवारी त्यांचं 'नळावरून' नावाचं सदर यायचं, चौथ्या पानावर. महालातल्या पानठेल्यांवर लोक पेपर उघडायचे ते थेट चौथ्या पानापासून. पहिल्या पानावर दिल्लीचे पुढारी हात जोडून उभे, त्यांच्याकडे कुणी बघत नसे. मालक ही लोकप्रियता आपल्याच घराण्याची असल्यासारखे मिरवत आणि चंपतरावांना खुर्ची द्यायची ती तीन पायांची.

त्यांची एक खोड होती. बातमी लिहिली की छापायच्या आधी ती ज्याची असेल त्याला जाऊन वाचून दाखवायची. छापून आली की पुन्हा जायचं, पेपर उघडून पुन्हा वाचायची. ज्याची बातमी, त्याले पहिले ऐकवा लागते, असं ते म्हणत. संपादक कावायचे, कारण मजकूर कायम उशिरा यायचा. तांडापेठेतल्या यमुताईंना त्यांनी नळाच्या भांडणाची बातमी वाचून दाखवली, तर बाई म्हणाल्या, मी नगरसेवकाला याच्या दुप्पट बोलली होती, अर्ध्या शिव्या कुठं गेल्या? चंपतरावांनी तिथंच बसून बातमी कडक केली. चार दिवसांत नळाला पाणी आलं. वाचता न येणारी माणसं या शहरात कमी नव्हती, आणि त्यांना हा एकच पत्रकार आपला वाटायचा.

अडुसष्टच्या ऑगस्टमध्ये कन्हानच्या पलीकडे एका खाणीत पाणी शिरलं. खाणीचं नाव आता कुणाला आठवत नाही, ती केव्हाच बुजवली. सहा प्रेतं वर आली. कंपनीनं सांगितलं, सहाच माणसं होती. चंपतराव कामगारांच्या वस्तीत गेले आणि सवयीप्रमाणे लिहिलेली बातमी त्यांनी लिंबाखाली बसून वाचून दाखवली. सहा नावं संपली तशी पार्वतीबाई मेश्राम नावाची बाई उठली. माझ्या धोंडबाचं नाव काहून नाही, तिनं विचारलं. मग आणखी चार बायका उठल्या. ही पाच माणसं ठेकेदाराची, कंपनीच्या हजेरीवर नव्हती. ती जिथं होती तो बोगदा कंपनीनं घाईघाईनं बंद करून टाकला होता. वर ठेकेदार गावभर सांगत होता की ते पाचही जण काम सोडून पळाले. म्हणजे नवरा गेला तो गेला, शिवाय बायको टाकून पळाला हा डाग वर. त्या बायकांना रडायचीसुद्धा सोय ठेवली नव्हती हरामखोरानं.

चंपतरावांनी अकरा नावं लिहिली, सगळ्यांना वाचून दाखवली आणि शब्द दिला की परवा सकाळी ही छापून आणतो. बातमी माझ्या हाती आली, मी ती जुळवली. एरवी ते पान बांधून छपाईला जाईपर्यंत छापखान्यात थांबायचे. त्या संध्याकाळी मात्र सकाळची पहिली बस गाठायची म्हणून लवकर घरी गेले. त्यांची चूक म्हणायची तर एवढीच.

ते गेल्यावर मालक खाली आले. कुणाचा तरी फोन आला होता. पानाजवळ उभे राहून म्हणाले, "खालचे पाच काढून टाक." मी का म्हणून विचारलं नाही. चिमट्यानं पाच ओळी उचलल्या आणि भोक दिसू नये म्हणून तिथं साबणाची एक छोटी जाहिरात बसवली. चंपतरावांचं घर सायकलनं दहा मिनिटांवर. मी गेलो नाही. मालकांना शिव्या देत घरी गेलो, पोटभर जेवलो आणि झोपलो.

सकाळी चंपतराव पेपरांचा गठ्ठा न उघडताच बसमध्ये बसले. लिंबाखाली सगळी वस्ती जमली होती. त्यांनी पेपर उघडला, वाचायला सुरुवात केली आणि सहाव्या नावापाशी आले. पुढं काय झालं ते त्यांनी मला परत आल्यावर सांगितलं. "त्या बाया माह्या तोंडाकडे पाहून राहिल्या होत्या, गोपाळराव. मी साबणाच्या जाहिरातीवर बोट ठेवलं आन् पाची नावं वाचून टाकली."

त्यांना वाटलं होतं, दोन दिवसांत खरोखरच छापून आणू, मग वाचलेलं खोटं राहणार नाही. तीन वेळा बातमी लिहिली. तिन्ही वेळा मालक 'उद्या बघू' म्हणाले. नावं कुणी काढली हे चंपतरावांनी मला कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. दोघांनी एका बशीतला चहा प्यायला, पण ते तोंडातून निघालं नाही.

आठ महिन्यांनी चौकशी बसली. पाच बायकांनी तो पेपर ट्रंकेत जपून ठेवला होता. त्यांच्यापाशी दुसरा पुरावाच नव्हता आणि हा असताना दुसरा शोधावा असं त्यांना वाटलंही नाही. पार्वतीबाईंनी तो साहेबापुढं उघडून बोट ठेवलं, नेमकं जिथं चंपतरावांनी ठेवलं होतं तिथंच. साहेब हसला. बाई, ही तर साबणाची जाहिरात आहे, म्हणाला. कचेरीतले कारकूनही हसले. त्या हसण्याची चीड मला आजही येते. चंपतराव साक्षीला धावले, तर साहेबानं विचारलं, तुम्हाला पाच नावं ठाऊक होती तर तुमच्याच बातमीत का नाहीत? मालकांनी लेखी दिलं की बातमी आली तशीच छापली. पाच माणसं सरकारी कागदावर फरार झाली, कायमची.

दुसऱ्या दिवशी पार्वतीबाई आमच्या कचेरीत आल्या. पेपर चंपतरावांपुढं ठेवून म्हणाल्या, वाचा. त्यांनी सहा नावं वाचली आणि थांबले. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली, पेपर घडी करून घेतला आणि निघून गेल्या. त्यानंतर चंपतरावांनी कुणालाही काही वाचून दाखवलं नाही. सदर मात्र पुढंही सोळा वर्षं चाललं. लोक हसायचे, वाहवा करायचे, दोनदा सत्कार ठरला. ते दोन्ही वेळा उमरेडला पळून गेले. शहराला हा त्यांचा विनय वाटला. शहराची अक्कल तेवढीच.

तर ते अर्धं पान. मालकांची स्तुती मी जशीच्या तशी जुळवली आणि तिच्याखाली माझ्या पाच ओळी घातल्या. धोंडबा मेश्राम, दादाजी नेवारे, फागू उईके, सीताराम वाघाडे, लक्ष्मण भलावी. त्यांच्यावर एक ओळ: चंपतरावांनी लिहिलेली आणि या पेपरनं न छापलेली नावं. मालक पानावरच्या जाहिराती तेवढ्या बघतात, हे मला ठाऊक होतं. सकाळी नोकरी जाणार हेही ठाऊक होतं, आणि ती गेलीच.

पहिल्या बसनं मी कन्हानला गेलो. पार्वतीबाईंचे केस पिकले होते, त्या दारात तांदूळ निवडत होत्या. मी नाव-गाव सांगितलं, चंपतराव गेल्याचं सांगितलं आणि पेपर उघडून वाचायला लागलो. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"राहू द्या. मी वाचतो," त्या म्हणाल्या.

चौकशीनंतर त्या प्रौढांच्या शाळेत जाऊन अक्षरं शिकल्या होत्या. दुसऱ्याच्या तोंडून आता काही ऐकायचं नाही, असं ठरवूनच. बोट ओळीखाली सरकत गेलं. धोंडबाचं नाव त्यांनी दोनदा वाचलं. मग त्यांनी वर पाहिलं.

"तवा हे नावं कोनं काढले होते?"

मालकांचं नाव माझ्या जिभेवर तयारच होतं. सोळा वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलो होतो.

"मी काढले," मी म्हणालो.

त्या चिडतील, पेपर तोंडावर फेकतील, असं वाटलं. फेकला असता तर बरं झालं असतं. त्यांनी सूप बाजूला सारलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुम्हाले तं वाचता येत होतं ना गा?"